देणाऱ्यानं जेवून जायचं

आमच्या भंतेंइतका मोठ्यानं बोलणारा भिक्खू मी आजवर दुसरा पाहिला नाही.

भिक्खू म्हटलं की लोकांना अर्धे मिटलेले डोळे आणि मंद हसू आठवतं. आमचे भंते विहाराच्या पायरीवरून कुणाला "मंगल होवो!" म्हणाले, की पलीकडे मार्केट यार्डाच्या गेटवर पोती उतरवणारा हमाल मान वळवून बघायचा. चीवर घेण्याआधी त्यांनी खडकीकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवली होती. यंत्रांच्या खडखडाटात कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला. बायको वारली, मुलगी सासरी सुखात होती, मग त्यांनी डोकं भादरलं, कुठेकुठे जाऊन विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, शिकून घेतला आणि एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात येऊन राहिले. सोबत सामान काय, तर तीन चीवरं, एक पात्र, सुई-दोरा, वस्तरा आणि पाणी गाळायचं फडकं. "एवढंच?" माझ्या आईनं विचारलं. "एवढंबी पुसून ठेवायला लागतं, बाई!" ते गरजले.

मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. त्यामुळे ते मला मास्तरीणबाई म्हणत, आणि दिसले की लांबूनच ओरडत, "मास्तरीणबाई, आज पोरांना काय नवीन सांगितलं?" मी सांगेपर्यंत सोडत नसत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मी एकदा सांगितलं, तर टाळी वाजवून म्हणाले, "बघा! आणि आपण म्हणतो आपण एका जागी बसलोय!" कुठलीही साधी गोष्ट त्यांना नुकतीच घडल्यासारखी वाटायची. त्यांच्याशी बोलून घरी गेलं की माझीही चाल वाढलेली असायची.

पैशाला ते हात लावत नसत. लग्नात परित्राण पाठ झाला, की वधूपिता पाकीट पुढे करायचा. भंते दोन्ही हात चीवरात ओढून घेत आणि म्हणत, "कुठं ठेवू? चिवराला खिसा नसतो." एकदा एकानं हट्टानं पाकीट त्यांच्या खांद्यावरच्या घडीत खोचलं. भंते खांदा न हलवता, एका बाजूला कलून, तसेच चालत विहार समितीच्या अध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले, "हे काय चिकटलंय, काढा." सगळा मांडव हसला, तो देणारासुद्धा.

या अध्यक्षांना सगळी वस्ती दादा म्हणायची. उंच, काटक, बारा महिने काळा कोट. उमेदीत हमाली केलेली, पुढे हमालांचेच पुढारी झालेले. भंतेंच्या आयुष्यात मोठ्यानं बोलणारं दुसरं माणूस म्हणजे हे दादा. दोघं बोलत बसले की भांडण चाललंय असं नव्या माणसाला वाटायचं. बऱ्याचदा ते खरंच चाललेलं असायचं.

पहिलं भांडण भंते आले त्याच आठवड्यात झालं. समितीनं ठरवलं होतं की रोज एका घरानं विहारात डबा पोचवायचा. भंते म्हणाले, "डबा नको. मी पात्र घेऊन दारात येईन. भिक्खूनं पिंडपाताला जायचं असतं."

दादा ताडकन उठले. "न्हाय! माझी आई गावात घरोघर भाकरी मागायला जायची. लांबनं टाकायचे पदरात, शिळी, बुरशी आलेली. ज्या दिवशी आम्ही ठरवलं, इथनं पुढं भाकरी मागायची न्हाय, त्या दिवशी गाव सोडलं. पुण्यात पाठ मोडली, पण मागितलं न्हाय. आणि आता आमचाच भिक्खू कटोरा घेऊन फिरणार?"

भंते प्रथमच हळू बोलले. म्हणजे त्यांच्या मानानं हळू. "दादा, माझी आईपण जायची. मागणारा हात पुढं करतो. मी करणार न्हाय, तोंड उघडणार न्हाय. दारात उभा राहीन, कुणी आलं तर पात्र उघडीन, न्हाय तर पुढं जाईन. पण एक सांगा. आपल्याला सगळ्यांनी घेणारे म्हणून बघितलं. आपल्या आईला दारात उभं राहून देणारी म्हणून कुणी बघितलं का?"

दादा कोट सावरत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत पहिलं दार उघडं होतं ते त्यांचं, आणि कोट घालून, हातात वाफाळती भाकरी घेऊन ते स्वतः उंबऱ्यावर उभे होते.

त्या सकाळी मी कधी विसरणार नाही. दिवसभर गरजणारा हा माणूस पात्र हातात घेतलं की वेगळाच व्हायचा. अनवाणी पाय, नजर चार पावलांपुढे, ओठ मिटलेले. वस्तीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. बायका पदर सावरून उभ्या राहत, वाढून झालं की हात जोडत, आणि घरात परतताना त्यांची मान थोडी उंच झालेली असायची. आमच्या शेजारची पारू तर म्हणायची, "भंते दारात येऊन गेले की मला मी घरमालकीण हाय असं वाटतं." आणि तिचं घर म्हणजे चार पत्रे.

पात्रात जे पडेल ते भंते एकत्र कालवून खात. जयंतीच्या दिवशी कुणी श्रीखंड वाढलं, कुणी सुकटीची चटणी, कुणी बुंदी. मला बघवेना. ते मजेत म्हणाले, "मास्तरीणबाई, पोटात सगळी एकाच वस्तीत राहतात!" जेवण दिवसातनं एकदा, सूर्य डोक्यावर यायच्या आत. त्यानंतर कोरा चहा, तोही कुणी आपणहून दिला तर. स्वतः रांधायचं नाही, उद्यासाठी साठवायचं नाही, अमुक हवं म्हणून मागायचं नाही.

न बोलण्याचा नियम त्यांना एकदाच फार जड गेला. पारूच्या दारात उभे असताना आत तिचा स्टोव्ह फुरफुरत होता. भंतेंमधला फिटर कासावीस झाला. कपाळाला आठ्या, मान तिरकी, पण तोंड बंद. पुढची सगळी घरं झाली, विहारात जाऊन जेवण झालं, पात्र धुवून पालथं घातलं आणि मग चीवर सावरत हा माणूस वस्तीभर पळत आला. "पारू! स्टोव्हचं वायसर गेलंय! बंद कर आधी!" त्या दिवसापासून वस्तीतले स्टोव्ह, पंप, सायकली विहाराच्या पायरीवर यायला लागल्या. दुपारभर दुरुस्ती, संध्याकाळी हमालांना अक्षरओळख, आणि कुणी दवाखान्यात असेल तर त्याच्या उशाशी बसणं. कुणीतरी म्हणालं, भिक्खूनं स्टोव्ह दुरुस्त करणं बरं दिसत नाही. भंते म्हणाले, "विनयात स्टोव्हाचं नाव न्हाय. मी बघितलंय."

आमच्याकडे ते तीन पावसाळे राहिले आणि मग नागपूरकडच्या एका विहारात निघून गेले. पण आजही भंते म्हटलं की मला तो संपाचा मे महिना आठवतो.

हमालांनी काम बंद केलं होतं. मार्केट यार्डात पोतं हलत नव्हतं. वस्तीतली निम्मी घरं त्या हमालीवर चालायची. पहिले काही दिवस उत्साहात गेले, मग चुली मंदावल्या. पण पिंडपात थांबला नाही. भंतेंना आधी, घरच्यांना नंतर, असं बायकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. एका सकाळी पारूनं पात्रात भाकरी ठेवली आणि आतून तिची धाकटी बोलली, "आई, आपल्याला?"

भंतेंनी पात्रावर हात ठेवला, भाकरी तशीच पारूला परत दिली आणि मागं वळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी विहारात म्हणाले, "उद्यापासून मी शनिवार पेठेत जाणार. तिथं चुली वेळेवर पेटतात."

मग काय विचारता! दादांनी कोटाची बटणं काढली, परत लावली. "आमच्या दारात या, हजारदा या. त्यांच्या दारात न्हाय! ही पारू तिथं भांडी घासती. तिनं घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडून घेतात. त्या दारात आमचा भिक्खू?"

"मग दादा, मी पोरीच्या तोंडचा घास खाऊ? ते मला जमणार न्हाय. त्यापेक्षा वस्ती सोडतो."

"सोडायची न्हाय!"

"मग जाऊ द्या."

"एकटं जायचं न्हाय!" दादा ओरडले. "मी येणार. कुणी तोंड वाकडं केलं तर तिथंच सरळ करतो."

शाळेला सुट्टी होती. मी म्हटलं, मीही येते. खरं सांगायचं तर मला घरी बसवलंच नसतं.

अशी आमची वरात निघाली. पुढे कोट घातलेले दादा, मधे अनवाणी भंते, मागे मी. शनिवार पेठेत पोचलो तेव्हा नळाचं पाणी जायची वेळ झाली होती आणि घराघरांत पूजेच्या घंटा वाजत होत्या. भंते पहिल्या दारात उभे राहिले. आतून एक बाई डोकावल्या, म्हणाल्या, "आज संकष्टी. चूल पेटलेली नाही." मागून फोडणीचा ठसका बाहेर आला. भंते पुढे सरकले.

दुसऱ्या दारात एका मुलीनं दोन केळी आणली. ती पात्रात ठेवणार, तेवढ्यात दादा कडाडले, "हे मागायला आले न्हाईत!" बिचारीच्या हातातलं एक केळं खाली पडलं. "द्यायचं तर ताजं द्यायचं. आणि वरनं टाकायचं न्हाय." ती म्हणाली, "अहो, केळीच आहेत." भंतेंची नजर पात्रावर होती, पण त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबत होते.

तिसरं दार पारूच्या काकूंचं. पारू ज्यांच्याकडे कामाला होती त्या काकू. ओट्यावर त्यांचे यजमान पेपर वाचत बसले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, नाकावर चष्मा. त्यांनी भंतेंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आपण धडधाकट दिसता. काम का करत नाही?"

भंते गप्प. दादा कसले गप्प बसतायत! "यांनी कारखान्यात हयात काढली. तुम्ही काय करत होता?"

"मी कचेरीत होतो."

"म्हणजे बसूनच होता."

गृहस्थांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता झालं. पण तेवढ्यात काकू आतून आल्या. हातात भाताचं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. त्यांनी भंतेंकडे पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, जवळ आल्या आणि वाकून, पळीनं, अगदी हलक्या हातानं पात्रात भात वाढला. वर वरण घातलं. पुन्हा आत जाऊन तूप घेऊन आल्या.

दादांच्या तोंडचं वाक्य अडकलं. इतक्या जवळून वाढलेलं त्यांनी या पेठेत पाहिलं नसावं. मग घसा खाकरून म्हणाले, "दिलंत ना? मग रविवारी आमच्याकडं जेवायला या. आमच्यात देणाऱ्यानं जेवून जायचं असतं."

गृहस्थ म्हणाले, "ही कुठली पद्धत?"

"आमची."

"कधीपासून?"

"आजपासून."

पुढच्या प्रत्येक दारात हेच. कुणी चिमूटभर जरी वाढलं तरी दादा म्हणायचे, "रविवारी बाराच्या आत. मार्केट यार्डाच्या मागं. यायचं." लोक हसत, मान डोलवत, दार लावून घेत.

नदीकाठी झाडाखाली बसून भंते जेवले आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर दादांवर बरसले. "तुम्ही बोललात तिथं ते मागणं झालं! गप्प राहायचं असतं!" दादा म्हणाले, "मी भिक्खू न्हाय. मला तोंड हाय." मग नदीकडे बघत म्हणाले, "भंते, गावात भाकरी देणारे पुष्कळ होते. आमच्याकडची खाणारा एक नव्हता. ते रविवारी आले, आमच्यात बसून जेवले, तर तुम्ही खुशाल जा त्या पेठेत. न्हाय आले, तर त्यांचं अन्न आम्हाला नको. तुम्हालाबी नको."

भंते म्हणाले, "कबूल. न्हाय आले तर त्या पेठेत जाणार न्हाय. आणि पोरांच्या तोंडचंही घेणार न्हाय. मी वस्ती सोडीन."

दोघंही आपापल्या शब्दाचे पक्के. वस्तीत बातमी पसरली आणि एकच धांदल उडाली. घरात दाणा नाही आणि दादांनी अख्खी शनिवार पेठ जेवायला बोलावली! "किती माणसं येणार?" आईनं विचारलं. दादा म्हणाले, "बोलावलंय सगळ्यांना." आईनं कपाळावर हात मारला. पण घराघरांतून मूठमूठ पीठ आलं. कुणी बेसन, कुणी कांदे, कुणी तळाशी राहिलेलं तेल. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा ठरला. ठेच्यात मिरच्या किती, यावर बायकांची एक वेगळी सभा झाली. पारू मात्र एका कोपऱ्यात बसून होती. "बाई, काकू माझ्या हातचा चहा घेत न्हाईत. त्यांना मी भाकरी कशी वाढू?"

रविवारी विहारासमोर सतरंज्या अंथरल्या. वर चादरींचा मांडव घातला. पोरांचे भांग पाडले. दादा दहा वाजल्यापासून रस्त्याच्या तोंडाशी उभे, उन्हात, कोटासकट. भंते विहारात बसले होते, समोर पात्र पालथं. बायका भाकऱ्या थापून थापून झाकत होत्या. ऊन चढत गेलं. खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा व्हायला लागली.

आई हात जोडून म्हणाली, "भंते, तुम्ही जेवून घ्या. वेळ टळेल."

"पाहुणे यायचेत."

"आणि नाही आले तर?"

"न आलेल्या पाहुण्याआधी कसं जेवायचं?"

आम्ही सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलो. एक रिक्षा आली, सगळे उठले, ती पुढे निघून गेली. मग कुठल्याशा कारखान्याचा बाराचा भोंगा वाजला. लांबलचक वाजला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. भंतेंनी पात्र उचलून बाजूला ठेवलं. त्यांचं त्या दिवसाचं जेवण संपलं होतं.

दादा रस्त्यावरून परत आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तसं, कोट काढून हातात धरलेला. भंतेंसमोर बसले आणि म्हणाले, "माझं खरं झालं, भंते. पण मला बरं वाटत न्हाय."

भंते काही बोलणार, एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून करकरीत आवाज आला. "अहो, इथे पत्ता नीट सांगायची पद्धत आहे की नाही?"

पांढरी टोपी, हातात छत्री, घामाघूम. मागे काकू, हातात दह्याचं सट. "दोन बस बदलल्या," गृहस्थ सांगू लागले, "मग कुणीतरी मार्केट यार्डात पाठवलं. तिथे गेट बंद, आणि आत संपवाले. मी म्हटलं, जेवायला चाललोय. ते म्हणाले, आम्हालाही न्या. अहो, एवढ्या वेळात काशीला पोचलो असतो!"

अख्ख्या पेठेतून हे दोघंच आले होते. पण सगळी वस्ती अशी उठून उभी राहिली जणू हजार माणसं आली! पोरं ओरडायला लागली, कुणी पाणी आणायला धावलं, कुणी चादर सरळ करायला. दादा कोट घालायचा विसरले. पारू जागच्या जागी थिजली होती. काकूंनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस सापडलं की परक्या ठिकाणी उजळतो तसा.

"पारू, मी कुठे बसू गं?"

पारूनं पदरानं सतरंजी झटकली. मग म्हणाली, "इथं बसा, काकू. माझ्याशेजारी."

पारूनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. काकूंनी त्या तांब्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी त्या तांब्याकडे पाहिलं. काकूंचा हात एकदा मागे गेला, हे मी पाहिलं. मग त्यांनी तो उचलला, वरून न ओतता ओठांना लावला आणि घटाघटा प्यायल्या. "फार तहान लागली होती," एवढंच म्हणाल्या. पारू डोळे पुसत भाकऱ्या आणायला पळाली.

गृहस्थांनी ठेच्याला बोट लावलं आणि त्यांची टोपीच हलली. डोळ्यांत पाणी. "हे अन्न आहे की शिक्षा?"

"शिक्षाच हाय," शेजारी ताट घेऊन बसलेले दादा म्हणाले. "भोगा आता."

गृहस्थांनी आणखी ठेचा घेतला. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "महाराज नाही बसत?"

"त्यांची वेळ टळली. बारानंतर खात न्हाईत ते. तुमच्यासाठी थांबले."

गृहस्थ घास हातात धरून थांबले. उठले, भंतेंसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्या सकाळी या. मी स्वतः दारात उभा असेन. वेळेवर." मग परत येऊन मांडी घातली आणि भाकरी मोडली.

मी भंतेंसाठी कोरा चहा घेऊन गेले. आदल्या दिवशीही त्यांनी फक्त लहान पोरं नसलेल्या घरांतून घास-घासच घेतला होता. चेहरा ओढलेला दिसत होता. मी विचारलं, "भंते, भूक लागली असेल ना?"

"लागलीय की! लई लागलीय!" ते पहिल्यांदाच माझ्या कानाशी कुजबुजले, म्हणजे पंगतीतल्या निम्म्यांना ऐकू गेलं. "पण गप्प बसा, मास्तरीणबाई. ऐकू द्या मला. तिकडं दादा काय म्हणतायत ते ऐका."

दादा टोपीवाल्या गृहस्थांच्या ताटावर वाकले होते, हातात गरम भाकरी. गृहस्थ ताटावर हात आडवा धरून नको-नको म्हणत होते आणि दादा त्यांचा हात बाजूला सारत होते.

"अहो, घ्या हो! आमच्याकडं पोटभर जेवायचं असतं. आणखी एक घ्या!"